शेवटची ओळ पुसणाऱ्यास खुले पत्र

महाशय, किंवा बाईसाहेब,

तुम्ही पुरुष की स्त्री, कुठल्या गावचे, पोटासाठी काय करता, यातलं मला काहीच ठाऊक नाही. तुमची करणी मात्र मी मूळ लेख शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासली आहे. पत्राच्या आरंभी सप्रेम नमस्कार लिहायची पद्धत असते. तो मी लिहीत नाही. तुमच्याविषयी मला प्रेम नाही आणि नमस्कार करावा असं तुमच्या हातून काही घडलेलं नाही.

विसरला असाल तर आठवण करून देतो. 'डबे' नावाचा एक लेख तुमच्या हाती लागला. एका आरोग्यसेविकेने तो स्वतःच्या ब्लॉगवर लिहिला होता. तालुक्यापासून लांबच्या एका गावात रात्री एसटीची मुक्कामी गाडी येते. ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला परत निघते. त्या पहाटेच्या गाडीत गावातल्या आया मुलांचे जेवणाचे डबे ठेवतात. मुलं तालुक्याला खोली करून शिकत असतात. ती स्टँडवर येऊन डबा उतरवून घेतात आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने घरी जातो. ही बाई त्याच गाडीने वाटेतल्या उपकेंद्रावर कामाला जाते. तिने त्या डब्यांबद्दल लिहिलं. कुठल्या झाकणावर ऑइलपेंटने नाव घातलंय, कुठल्या कडीला लाल चिंधी बांधलीय, कुठल्या पिशवीवर दोऱ्याने नाव शिवलंय. कंडक्टरच्या मशीनवरचा क्यूआर कोड फोनने स्कॅन करून तिकीट काढणारा एक पोरगा त्यात आहे. घाटात गाडी वळली की सगळे डबे पायांनी अडवून धरणारी एक म्हातारी आहे. शेवटी एक डबा स्टँडवर कोणीच उतरवून घेत नाही. मुलगा खोली सोडून गेलेला असतो आणि घरी त्याने सांगितलेलं नसतं. संध्याकाळी कंडक्टर तो डबा आईच्या हातात देतो आणि तिला त्याच्या वजनावरूनच काय ते कळतं. लेख तिथे थांबतो.

त्याच्याखाली एक ओळ होती. तिचं नाव आणि ब्लॉगचा पत्ता. प्रत्येक लेखाखाली ती ही ओळ घालते. तुम्ही ती पुसलीत आणि वरती लिहिलंत, 'पु. ल. देशपांडे यांचा एक दुर्मिळ, अप्रतिम लेख.'

चुकून झालं म्हणायची सोय तुम्हाला नाही. लेखिका बाई आहे, म्हणून तिने 'मी गाडीत चढले', 'मी खिडकीशी बसले' असं लिहिलं होतं. पु.ल. पुरुष होते. तेव्हा तुम्ही पहिल्या ओळीपासून वाचत खाली आलात आणि 'चढले'चं 'चढलो' केलंत, 'बसले'चं 'बसलो' केलंत. बेफिकीर माणूस न वाचता पुढे ढकलतो. तुम्ही वाचलंत, समजून वाचलंत, आणि जिथे जिथे ती बाई दिसत होती तिथे तिथे तिला खोडलंत. एक जागा तुमच्या नजरेतून सुटली. मधल्या परिच्छेदात 'त्या दिवशी मी लसीकरण करून दमले होते' हे तसंच राहिलं आहे. तुमच्याविरुद्ध तेवढा एक शब्द मला पुरेसा आहे.

बाकीचा पुरावाही तुम्हीच ठेवला आहे. पु.ल. 12 जून 2000 रोजी गेले. फोनवरून पैसे द्यायची यूपीआयची सोय 2016 साली आली. तुमच्या पु.लं.च्या गाडीत पोरगा फोनने तिकीट काढतो आणि व्हॉट्सॲपच्या एकाही गटात कोणी विचारत नाही की हे कसं? कारण वर मोठं नाव आहे. मोठं नाव दिसलं की माणसं तपासणं सोडून मान डोलवायला लागतात, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. नावही तुम्ही विचार करून निवडलंत. पु.लं.ची 'म्हैस' ही एसटीच्या प्रवासाचीच गोष्ट, तेव्हा एसटी म्हटलं की लोक मुकाट्याने पु.ल. मानतील, हा तुमचा हिशेब. हा हिशेब बरोबर निघाला, आणि ज्या वाचकांनी तुमच्यावर विश्वास ठेवला त्यांना तुम्ही फसवलं आहे.

आणि तो शेवट! भरलेला डबा परत आल्यावर तिथे थांबायची तिची हिंमत तुम्हाला झेपली नाही. तुम्ही खाली तीन परिच्छेद जोडलेत. तुमच्या आवृत्तीत तो मुलगा पळून जाऊन खूप शिकतो, कलेक्टर होतो, लाल दिव्याच्या गाडीतून गावात येतो आणि आईसमोर तोच डबा उघडतो. गाड्यांवरचे लाल दिवे 1 मे 2017 पासून काढले गेले. क्यूआर कोडच्या जमान्यात खोली करून शिकणारा मुलगा कलेक्टर होईपर्यंत लाल दिवा शिल्लक राहणार कुठे? पण हे तर वरवरचं झालं. राग मला दुसऱ्या गोष्टीचा आहे. त्या गावात अशी मुलं आहेत. ती सगळी कलेक्टर होऊन परत येत नाहीत. काही येतच नाहीत. ज्या बाईने त्या आयांची घरं आतून पाहिली आहेत, तिने ती गोष्ट जिथे थांबवायची तिथे थांबवली होती. तुम्ही तिथे लाल दिवा लावून सगळ्यांना बरं वाटेल अशी सोय केलीत आणि शेवटी 'आवडल्यास नक्की शेअर करा' असं लिहिलंत.

तुम्ही कोणाचं नाव पुसलंत, ते आता ऐका.

नवख्या माणसाने ब्लॉग सुरू करणं बाहेरून फार सोपं दिसतं. ब्लॉगर ही सेवा 1999 साली सुरू झाली, 2003 मध्ये गुगलने ती विकत घेतली, आणि तिथे आजही फुकट जागा मिळते. खातं उघडा, नाव द्या, पत्ता निवडा, लिहायला लागा. मराठी माणसाला हे नेहमीच इतकं सोपं नव्हतं. युनिकोड रुळायच्या आधी मराठी मजकूर वेगवेगळ्या फॉन्टमध्ये अडकलेला असायचा. तो फॉन्ट वाचणाऱ्याच्या संगणकावर नसला की पानभर अगम्य अक्षरं दिसायची. पुढे बराहा आणि गमभन यांसारखी साधनं आली, लोक रोमन कळफलकावर बोटं चालवून देवनागरी उमटवू लागले, आणि डॉक्टर, इंजिनिअर, परदेशात गेलेली मुलं-मुली, निवृत्त मास्तर अशी किती तरी माणसं एकाएकी लिहिती झाली. आता तर खिशातल्या फोनवर मराठी कळफलक आहे. बोललेलं लिहून घेणारी सोय आहे. उपकेंद्रातली नोंदवही भरून झाल्यावर, दुपारच्या तासाभराच्या शांततेत, एक बाई फोनवर लेख लिहू शकते. हे व्हायला बऱ्याच लोकांनी कष्ट उपसले आहेत, आणि त्यातले बरेचसे कष्ट फुकटचे, हौसेचे होते.

अडचण आता यंत्रात उरलेली नाही. ती माणसाच्या मनात असते. पहिला लेख तयार होऊन फोनमध्ये पडून राहतो. 'प्रकाशित करा' हे बटण समोर असतं आणि बोट पुढे जात नाही. आपण कोण लिहिणार? आपल्याला व्याकरण कुठे येतं? ऑफिसातली माणसं काय म्हणतील? सासरी कळलं तर? ब्लॉगला नाव काय द्यायचं यावर आठवडे जातात, कारण नाव देणं म्हणजे हे माझं आहे असं चारचौघांत कबूल करणं. 'माझ्याविषयी' या रकान्यात काय लिहायचं, हा प्रश्न तर भल्याभल्यांना गारद करतो. या बाईंनी तिथे फक्त 'आरोग्यसेविका. रोज एसटीने जाते. वाटेत जे दिसतं ते लिहिते' एवढं लिहिलं. त्यापेक्षा चांगलं 'माझ्याविषयी' मी वाचलेलं नाही.

मग लेख टाकला जातो. आणि काहीच होत नाही. ब्लॉग चालवणाऱ्याला आतल्या पानावर आकडे दिसतात: आज किती जणांनी उघडलं, कुठल्या देशातून, कुठल्या दुव्यावरून. नवखा माणूस ते पान दिवसातून अनेकदा उघडतो. उघडणाऱ्यांत तो स्वतः असतो, एक मैत्रीण असते, एखादा चुलत भाऊ असतो. असे महिने जातात. पुष्कळ ब्लॉग याच काळात मरतात. तिसऱ्या-चौथ्या लेखानंतर तारीख पुढे सरकत नाही. जे तगतात ते बहुतेक वेळा एकाच गोष्टीने तगतात. एक दिवस कोणी तरी अनोळखी माणूस खाली दोन ओळी लिहितो. आमच्या गावालाही अशीच गाडी यायची. माझी आईही डब्याला चिंधी बांधायची. पुढचं कधी लिहिणार?

ती दोन ओळींची चिठ्ठी म्हणजे नवख्या लेखकाचं सगळं मानधन. दुसरं काही त्याला मिळत नाही आणि तो मागतही नाही. ती चिठ्ठी येण्याचा रस्ता कुठून जातो? लेखाखालच्या त्या एका ओळीतून. नाव आणि पत्ता.

तुम्ही तो रस्ता तोडलात. 'डबे' किती लोकांनी वाचला असेल याचा मला अंदाजही करता येत नाही. मला तो वेगवेगळ्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या गटांतून आला, आणि दर वेळी वरती दोन बाणांची ती खूण होती, म्हणजे मजकूर अनेकदा पुढे पाठवला गेलेला आहे. व्हॉट्सॲपने अफवांना आळा घालण्यासाठी भारतात 2018 मध्ये एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा घातली. 2020 पासून दोन बाणांचा मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. तरीही तो इतका फिरला, म्हणजे माणसांनी तो एकेकाला, मनापासून पाठवला. ही सगळी माया तिच्या वाट्याची होती. तिच्या ब्लॉगच्या आकड्यांत त्या दिवसांत काहीही हललं नाही. व्हॉट्सॲपवरचे संदेश 2016 पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात, मधल्या कोणालाही ते वाचता येत नाहीत. गोपनीयतेसाठी ती व्यवस्था योग्यच आहे. पण त्यामुळे लेखकाला आपलं लिखाण कुठे कुठे गेलं ते मागाहून कधीच शोधता येत नाही. नाव एकदा पुसलं गेलं की ते परत लावायला कोणापाशी जायचं, हेच उरत नाही. कागदावरच्या चोरीत निदान छापखाना सापडतो.

तिला हे कसं कळलं, तेही सांगतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्याची बैठक होती. चहाच्या वेळी एका सहकारी बाईने फोन पुढे करून म्हटलं, 'अगं, हे वाच. पु.लं.नी आपल्या मुक्कामी गाडीवर किती सुंदर लिहिलंय.' तिने वाचलं. 'हे माझं आहे,' ती म्हणाली. सगळ्या हसल्या. वाईट मनाने नव्हे. त्यांना ती थट्टा वाटली. तिने फोनवर स्वतःचा ब्लॉग उघडून दाखवला, तर एक जण म्हणाली, 'मग तू तिथून घेतलंस होय.' तुम्ही लेख चोरलात एवढंच झालेलं नाही. तुम्ही तिला तिच्याच माणसांत चोर ठरवलंत. त्यानंतर तिच्या ब्लॉगवर नवा लेख आलेला नाही. वही आहे, वहीत विषय लिहिलेले आहेत, मी पाहिले आहेत. उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या विहिरीवरची बाळंतीण, लस घ्यायला घाबरणारा पैलवान, उपकेंद्राच्या पायरीवर रोज येऊन बसणारा माजी सैनिक. हे सगळं तुमच्यामुळे अडलं आहे.

तुमची उत्तरं मला पाठ आहेत, कारण तुमच्यासारख्यांची ती ठरलेली असतात.

'मला असंच आलं होतं.' नाही. क्रियापदं कोणी तरी बदलली, शेवट कोणी तरी जोडला. हे पत्र त्या कोणाला तरी आहे. ज्यांना लेख तिच्या नावाशिवाय मिळाला आणि ज्यांनी तो आवडला म्हणून पुढे दिला, त्यांच्याशी माझं भांडण नाही. शेवटची ओळ ज्याने पुसली त्याच्याशी आहे.

'नावात काय आहे, विचार पोचला पाहिजे.' मग पु.लं.चं नाव का लावलंत? नावाला किंमत नसती तर लेख बिननावाने सोडला असतात. नावाची किंमत तुमच्याइतकी कोणाला कळलेली नाही. नवख्या बाईच्या नावाने लेख धावणार नाही आणि पु.लं.च्या नावाने धावेल, हे हेरूनच तुम्ही अदलाबदल केलीत.

'आपली संतपरंपरा निरहंकाराची आहे, लेखकाने नावाचा मोह सोडावा.' हे वाक्य मी तुमच्यासारख्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की याच्यावर जरा थांबतो. ज्या संतांनी सगळा अहंकार चंद्रभागेत सोडला, त्यांनी अभंगाच्या शेवटी नाव घालायचं मात्र सोडलं नाही. नामदेव, चोखामेळा, सोयराबाई, जनाबाई, एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई, प्रत्येकाची नाममुद्रा आहे. जनाबाईने तर आपल्या मुद्रेत नामदेवांचं नावही बांधून घेतलं, चोखोबांच्या घरच्या सोयराबाईने नवऱ्याचं. ज्या माणसांना देवळाच्या पायरीवर थांबवलं जात होतं, त्यांच्यासाठी शेवटच्या ओळीतलं नाव म्हणजे मी होतो, मी हे म्हटलं, याची एकमेव नोंद. ती पुसली गेली असती तर आज आपल्याला चोखोबा माहीत नसते.

आणि तुमचा पूर्वजही त्याच परंपरेत आहे, बरं का. सालोमालो त्याचं नाव. तुकोबांच्या अभंगांतली मुद्रा काढून आपलं नाव घालणारा म्हणून तो ओळखला जातो. तुकोबा गप्प बसले नाहीत. घरात दाणा नसताना ज्यांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली, त्यांनी सालोमालोविरुद्ध अभंग रचले आणि ते गाथेत आहेत. पैसा सोडणाऱ्या माणसाने शब्दांवरचा हात सोडला नाही. तुमच्यात आणि सालोमालोत एकच फरक आहे: त्याने निदान स्वतःचं नाव पुढे केलं, म्हणून लोकांना त्याला धरता आलं. तुम्ही पु.लं.च्या आड उभे आहात.

एकनाथांचंही सांगतो, तुम्ही जोडलेल्या तीन परिच्छेदांसाठी. ज्ञानेश्वरीत पाठांतराने आणि नकलांनी शिरलेल्या चुका काढून नाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इसवी सन 1584 मध्ये, शुद्ध प्रत सिद्ध केली. ते स्वतः केवढे मोठे कवी! त्यांना चार ओव्या जोडणं अवघड नव्हतं. त्यांनी उलट शेवटी ताकीद लिहून ठेवली की या ग्रंथात कोणी स्वतःची ओवी घालू नये. दुसऱ्याच्या मजकुराला हात लावताना ज्याला एवढा धाक वाटला, त्या माणसाच्या भाषेत तुम्ही लिहिता. तो धाक तुमच्या बोटांना शिवलेला नाही.

नाव लपवायचा हक्कही आहे, पण तो लिहिणाऱ्याचा. गोपाळ हरी देशमुखांनी 1848 पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात शंभरावर पत्रं लिहिली ती 'लोकहितवादी' या नावाने. तो त्यांचा निर्णय होता. संपादकाने तो पाळला. म्हणूनच या पत्रात मीही त्या बाईंचं नाव घेतलेलं नाही. त्यांनी तशी परवानगी मला दिलेली नाही, फसवली गेलेली बाई म्हणून त्यांना ओळख नको आहे. ज्या दिवशी त्यांना वाटेल त्या दिवशी त्यांचं नाव त्यांच्या लेखाखालून लोकांना कळेल.

आणि दुसऱ्याचे शब्द निष्ठेने पोचवायचे कसे, याचा धडा तर आपल्या घरातलाच आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या गाणी रचत गेल्या आणि घरच्यांनी ती उतरवून ठेवली. 3 डिसेंबर 1951 रोजी त्या गेल्या. मुलगा सोपानदेव स्वतः नावाजलेला कवी. आईच्या वहीचा पत्ता जगाला नव्हता, त्या गाण्यांवर त्याने आपलं नाव घातलं असतं तर विचारणारं कोणी नव्हतं. त्याने ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' आईच्या नावाने प्रसिद्ध झाली. अत्र्यांनी प्रस्तावना लिहिली आणि खाली आपलं नाव घातलं, गाण्यांवर घातलं नाही. निरक्षर शेतकरी बाई मराठीची थोर कवयित्री म्हणून उभी राहिली, कारण मधल्या दोन माणसांना आपली जागा माहीत होती. तुम्हीही मधलेच होतात. खेड्यातल्या एका बाईचा लेख हजारो लोकांपर्यंत न्यायची संधी तुमच्या हाताशी आली होती. आज तिला लोक 'डबेवाल्या ताई' म्हणून ओळखत असते आणि ते श्रेय तुमचं असतं.

पु.लं.चाही अपमान तुम्ही केला आहे, तो वेगळा. कुसुमाग्रज 1999 मध्ये गेले, पु.ल. 2000 मध्ये, व. पु. काळे 2001 मध्ये. तिघांच्याही नावावर त्यांनी कधी न लिहिलेला मजकूर रोज फिरत असतो, कारण मेलेला माणूस हे माझं नाही म्हणायला येत नाही. पु.लं.चं विनोदी आणि करुण लिखाण ज्यांनी वाचलं आहे त्यांना ठाऊक आहे की ते वाचकाच्या डोळ्यात बोट घालून पाणी काढत नसत. तुमचा लाल दिव्याचा शेवट त्यांच्या नावावर वाचून आजची पंधरा वर्षांची मुलगी पु.ल. म्हणजे हेच समजणार.

कायद्याचंही बोलतो, कारण 'इंटरनेटवर होतं, म्हणजे सगळ्यांचं' असा तुमचा समज दिसतो. भारताचा कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. लेख लिहिला की हक्क आपोआप तयार होतो. नोंदणी करावी लागत नाही, पुस्तक निघावं लागत नाही, ब्लॉगवरचा लेखही त्यात येतो. कलम 57 तर खास तुमच्यासाठी वाचण्याजोगं आहे. हे लिखाण माझं आहे असं म्हणण्याचा, आणि त्याची मोडतोड करून माझ्या लौकिकाला बाध आणू नका असं बजावण्याचा हक्क लेखकाला त्यात दिला आहे, आणि आर्थिक हक्क विकून टाकले तरी तो लेखकाकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारने 1979 मध्ये उतरवून गोदामात टाकलं. शिल्प सरकारनेच करवून घेतलेलं होतं, भिंत सरकारची होती. तरीही 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे शिल्पाचे अवशेष सहगल यांना परत करायला आणि 5 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला कलम 63 खाली तुरुंगवासही होऊ शकतो. ती बाई कोर्टात जाणार नाही. तिला रजा मिळत नाही, आणि तिला तुमचं तोंड पाहायचं नाही. पण तुम्ही मोकळे राहिलात ते तुम्ही निर्दोष होतात म्हणून नव्हे, एवढं लक्षात असू द्या.

तिला सल्ला देणारे बरेच भेटले. लेखाचं चित्र करून टाक, म्हणजे मजकूर उचलता येणार नाही. ब्लॉगवर मजकूर निवडायची सोय बंद कर. प्रत्येक परिच्छेदात आपलं नाव पेरून ठेव. मी तिला यातलं काही करू नको म्हणून सांगितलं. चित्रातला मजकूर अंध वाचकाच्या फोनला वाचून दाखवणं अवघड जातं, शोधणाऱ्याला तो नीट सापडत नाही, आणि एखाद्या आजोबांना अक्षर मोठं करून वाचायचं असेल तर तेही नीट जमत नाही. तुमच्या एकट्याच्या भीतीने सगळ्या भल्या वाचकांना तिने दाराबाहेर का उभं करावं? ती लिहील ते उघडं लिहील. लाज तुम्ही बाळगायची आहे.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. ज्या ज्या गटांत तुम्ही 'डबे' टाकलात ते तुमच्या फोनमध्ये अजून आहेत. त्या प्रत्येक ठिकाणी लिहा की हा लेख पु.लं.चा नाही, नाव मी बदललं होतं, शेवटचे तीन परिच्छेद मी घातले होते. त्याखाली मूळ लेख टाका, तिच्या शेवटासह, तिच्या क्रियापदांसह, तिच्या नावासह. गोलमोल दिलगिरी नको, 'कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास' असलं काही नको. ज्या यूट्यूब चॅनेलने तुमची प्रत करुण संगीत लावून वाचून दाखवली आहे, त्यांनाही कळवा. तुमची दुरुस्ती चोरीइतकी लांब जाणार नाही, हे मला माहीत आहे. तरी जिथवर जाईल तिथवर जाऊ दे. तिच्या आरोग्य केंद्रातल्या त्या चहाच्या टेबलापर्यंत ती पोचली तरी माझं अर्धं काम होईल.

आणि मग तिच्या ब्लॉगवर जा. लेखाखाली प्रतिक्रियेची जागा आहे, ती अजून रिकामी आहे. तिथे स्वतःचं खरं नाव घालून दोन ओळी लिहा. ब्लॉगचा पत्ता मी इथे देत नाही. तुमच्याजवळ आहे, तोच तर पुसलात.